अंड्याशिवाय अंड्याची ताकद

परवा माझ्या भाचीने मला फोनवर एक पदार्थ समजावून सांगितला. ओव्हनमध्ये भाजलेला, मैदा नाही, साखर नाही, आणि एका तुकड्यात किती ग्रॅम प्रोटीन ते म्हणे खोक्यावर छापलेलं. "मावशी, हे एकदम नवीन आहे, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं," असंही वर सांगून झालं. 'तुमच्या वेळी' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "बाळ, आमच्या वेळी हे कोपरखैरण्याच्या एका माथाडीच्या बायकोने तळाला जाड मीठ घातलेल्या कुकरात केलं होतं. आणि ग्रॅम मोजायला तिच्याकडे काटा नव्हता." भाची हसली. म्हातारी नेहमीप्रमाणे फेकतेय असं तिला वाटलं असणार. फोन ठेवला आणि ठरवलं, रंगूबाईंबद्दल एकदा लिहूनच टाकायचं.

पंच्याण्णव साली आम्ही वाशीला राहत होतो. दादरच्या दीड खोलीतून निघालेल्या मला सिडकोचं ते तळमजल्याचं घर फार मोठं वाटायचं. पुढे चार पावलांचं अंगण, त्यात एक पपई, आणि फाटकावर माझ्या नवऱ्याने, सुभाषने, स्वतः रंगवलेली पाटी: 'केक-बिस्किट क्लास. दर शनिवारी दुपारी तीन वाजता. सौ. वैजयंती.' तेव्हा वाशीत सगळेच नवे होते. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी रत्नागिरीहून, कुणी सोलापूरकडून. बायकांना एकमेकींच्या घरी जायला काहीतरी निमित्त हवं असायचं आणि माझा क्लास हे ते निमित्त होतं. आठ-दहा जणी यायच्या. माझा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन मधोमध ठेवायचा आणि झाकणावरच्या काचेतून सगळ्यांनी आळीपाळीने आत डोकवायचं. केक फुगायला लागला की चांगल्या चाळिशीच्या बायका शाळकरी मुलींसारख्या ओरडायच्या. व्हॅनिलाचा वास जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. आज कितीही महागाचा केक आणला तरी तो वास घरात येत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी शिकवायची उत्तम, हे मी स्वतःच सांगते कारण आता सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. पण मला राग लवकर यायचा. मैदा तीनदा चाळलाच पाहिजे, अंडी एकाच दिशेने फेटलीच पाहिजेत. कुणी मध्येच 'अंदाजे' हा शब्द काढला की मी हातातलं भांडं खाली ठेवायची आणि सगळ्यांची बोलणी बंद व्हायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी क्लास ऐन रंगात आला असताना फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची, उंच, काटक, डोक्यावरून पदर, हातात नायलॉनची पिशवी. मला वाटलं, भाजीवाली. मी खिडकीतूनच "आज नको" म्हणून हात हलवला. ती तिथेच उभी राहिली.

"पाटी तुमचीच न्हवं?" तिने विचारलं.

"हो. का?"

"मग इचारायचंय. अंडं न घालता केक व्हतो का? पर ताकद अंड्याची पायजे."

आतल्या बायका खुदकन हसल्या. मलाही चेव आला. मी सांगितलं की केक अंड्याने फुगतो, अंड्याशिवाय जे होतं त्याला शिरा म्हणतात, आणि शिरा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येत असेल. बायका पुन्हा हसल्या.

"शिऱ्यात ताकद नसती," ती म्हणाली, आणि फाटक उघडून आत येऊन पायरीवर बसली. क्लास संपेपर्यंत ती तिथून उठली नाही. मी दोनदा मुद्दाम दारापर्यंत जाऊन पाहिलं, बसलेलीच.

सगळ्या गेल्यावर मी तिला पाणी दिलं आणि मग हळूहळू सगळं कळलं. नाव रंगूबाई. गाव साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. नवरा मानसिंग वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पाठीवर पोती वाहणारा. राहायला कोपरखैरण्याला, बोनकोड्याच्या पलीकडे, माथाड्यांच्या वसाहतीत. दिवाळीच्या तोंडावर मानसिंगरावांच्या थुंकीत रक्त आलं. क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. रोग आटोक्यात येईल असं डॉक्टर म्हणाले, पण माणूसच अडुसष्ट किलोचा सत्तेचाळीसवर आला होता, आणि गोळ्यांनी त्याची अन्नावरची वासना पार उडाली होती. भाकरी नको, डाळ नको, दूध घेतलं की उलटी. काहीतरी मऊ, गोड असलं तर दोन घास जायचे. शरीर भरून आलं नाही तर गोळ्याही पेलणार नाहीत, प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, सगळ्यात सोपं म्हणजे रोज दोन अंडी द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आन ते माळकरी," रंगूबाई म्हणाल्या. "बारा वर्सं झाली गळ्यात माळ घालून. अंड्याच्या वाटंला न्हाई जायाचे. सिस्टर मला बाजूला घिऊन म्हनली, अवो केकात घालून द्या, कळनार बी न्हाई. म्हनून म्हनलं, केक म्हनजी काय ते तरी बगावं."

"मग घाला की," मी म्हटलं. मला सिस्टरचं म्हणणं अगदी पटलं होतं. "माणूस वाचवायचा आहे ना? देव काय अंडी मोजत बसलाय?"

रंगूबाईंनी पेला खाली ठेवला. "बाई, त्यांच्या तोंडाला चव न्हाई. समदं कडू लागतंय. तरीबी मी पुढ्यात ठिवलं तर खात्यात. काय हाय, कशाचं हाय, इचारत न्हाईत. आन त्यात मी अंडं घालू?"

मला लाज वाटली. आणि मला लाज वाटली की राग येतो, हा माझा जुना दोष आहे. मी जरा तोडूनच म्हटलं, "सोमवारी दुपारी या. पण होणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

सोमवारी त्या आल्या. मी आपली हुशारी दाखवायला कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक केला. तेव्हा तो गुजराती मैत्रिणींकडून सगळीकडे पसरत होता. छान फुगला. रंगूबाईंनी खाऊन पाहिला आणि विचारलं, "यात काय काय हाय?" मी सांगितलं: मैदा, लोणी, साखर, डब्यातलं दूध. "मग ह्यात ताकद कुठं हाय?" त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर केकात ताकद असावी असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. केक वाढदिवसाला असतो, एवढंच मला ठाऊक होतं.

मग त्यांनी नायलॉनची पिशवी ओट्यावर रिकामी केली. शेंगदाणे, फुटाण्याचं डाळं, सोयाबीन, गुळाचा खडा. "मार्केटातल्या पैलवान पोरांस्नी इचारलं, अंग कशानं भरतंय. त्यांनी ह्ये सांगितलं. ह्याचाच करू."

पुढचे तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघरात जे चाललं होतं त्याला बेकिंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सोयाबीनचं पीठ तसंच घातलं तर कच्चट वास. भाजून घातलं तर कोरडं ठक्क. डाळ्याचं पीठ घातलं की केक कापताना भुगा व्हायचा. एकदा सुभाषने ऑफिसातून आल्या आल्या एक तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं, "हे भिंतीला लावायचं राहिलंय का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. रंगूबाई मात्र पोट धरून हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अडचण चिकटपणाची होती. अंडं पिठाला धरून ठेवतं, आमच्याकडे धरून ठेवायला काही नव्हतं. ते रंगूबाईंनी शोधलं. एका सोमवारी त्या आल्या ते पितळी डब्यात काहीतरी तपकिरी बुळबुळीत घेऊनच. "जवस हाय," त्या म्हणाल्या. "गावाकडं जवसाची चटणी वाटली की पाटा धुताना हात घसरायचा. काल भांडी घासताना ध्यानात आलं. कुटून पान्यात भिजवलं, बगा कसं झालंय." मी चमचा घालून वर उचलला. थेट फेटलेल्या अंड्यासारखी तार आली. पंधरा वर्षं मी केक करत होते, आणि हे मला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू," पण माझा आवाज मलाच निराळा वाटला.

त्या दिवशी आम्ही भाजलेलं सोयाबीन आणि डाळ्याचं पीठ घेतलं, शेंगदाण्याचं कूट घेतलं, मऊपणासाठी दही टांगून केलेला चक्का, गूळ, भिजवलेलं जवस, आणि शेवटी आंबट ताकात सोडा फसफसवून ओतला. ओव्हनच्या काचेला आम्ही दोघींनी डोकी लावली. अर्ध्या तासाने मधला भाग हलला आणि दोन बोटं वर आला.

"आला," रंगूबाई एवढंच म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला होता हे मला नंतर कळलं.

पण त्यांच्या घरी ओव्हन कुठला? कुकरात वाळू घालून भाजता येतं हे मला माहीत होतं, पण वाळू शोधत फिरायची वेळ आली नाही. त्यांच्याकडे बोनकोड्याची भागीरथी नावाची आगरी बाई मासळी विकायला वसाहतीत यायची. तिच्या घरचे पूर्वी मिठागरात होते. ती म्हणाली, "वालू कशाला पायजे? आमचे घरान मिठाची गोनी हाय, ती ने." मग कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला दोन बोटं जाड मीठ, त्यावर उपडी ताटली, ताटलीवर केकचा डबा, आणि मंद स्टोव्हवर पाऊण तास. मीठ एकदा तापलं की उष्णता धरून ठेवायचं. माझ्या ओव्हनपेक्षा तिथला केक खालून जास्त खमंग व्हायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तो घरचा पहिला केक बघायला मी मुद्दाम कोपरखैरण्याला गेले. क्षयाच्या घरात जायची भीती मनात होती, खोटं कशाला सांगू. एक खोली, मागे मोरी, भिंतीला देवांचे फोटो, खुंटीला टाळांची जोडी. मानसिंगराव खाटेवर बसले होते. हाडापेराने केवढा मोठा माणूस, आणि अंगावर मांस नाही. मला बघून भिंतीचा आधार घेऊन उठले, नमस्कार केला. गळा मोकळा होता. मी बघते आहे हे रंगूबाईंच्या लक्षात आलं. "छातीचा फोटू काढाय माळ उतरीवली दवाखान्यात," त्या हळूच म्हणाल्या. "गावाकडनं महाराज येत्याल, तवा त्यांच्या हातानं घालायची म्हनत्यात."

ताटलीत केकचा तुकडा आला. मानसिंगरावांनी ताटलीकडे जरा वेळ पाहिलं. मग तुकडा मोडून तोंडात टाकला, वर पाण्याचा घोट घेतला, गिळला. दुसरा तुकडा, पुन्हा घोट. गोळ्या घ्याव्यात तसं त्यांनी सगळं संपवलं.

"कसा झालाय?" रंगूबाईंनी विचारलं.

"बरा हाय."

मला राहवलं नाही. "नुसता बरा? अहो, तीन आठवडे खपल्यात त्या. काय कमी आहे ते तरी सांगा."

त्यांनी मान खाली घातली. "कमी काय न्हाई बाई. तिनं केलंय, त्यात कमी काय आसनार?"

त्या 'बरा हाय'ने रंगूबाईंना चैन पडू दिली नाही. केक पोटात राहत होता, उलटी होत नव्हती, यातच त्यांनी समाधान मानायला हवं होतं. पण त्यांना ते एक अक्षर हवं होतं, छान म्हणा, गोड म्हणा, काहीही म्हणा. मग दर आठवड्याला नवा बदल. कधी नाचणीचं पीठ, कधी सुकं खोबरं, कधी वेलची, कधी जायफळ, कधी दुधाची पावडर. शेंगदाणे जास्त खरपूस भाजून बघितले, साल काढून बघितली, साल ठेवून बघितली. दर शनिवारी मी विचारायची, "काय म्हणाले?" आणि त्या पिशवी खाली ठेवत म्हणायच्या, "बरा हाय म्हनले."

शनिवारी, हो. कारण एव्हाना रंगूबाई माझ्या क्लासला यायला लागल्या होत्या. आधी पायरीवर बसायच्या, मग उंबऱ्याच्या आत, मग सरळ ओव्हनपाशी. ज्या बायका त्यांना हसल्या होत्या त्यांच्यापैकी एकीच्या सासूबाईंना साखर निघाली, दुसरीचा मुलगा व्यायामशाळेत जायला लागला, आणि बघता बघता सगळ्यांना 'रंगूबाईंचा केक' हवा झाला. मी तो क्लासमध्ये सांगायला घेतला तर मापाची पंचाईत. रंगूबाई सगळं मुठीने घालायच्या. शेवटी मी त्यांची मूठ कपात ओतून मोजली. एक मूठ म्हणजे पाऊण कप. मी वहीत लिहिलं: 'डाळ्याचं पीठ तीन मुठी (रंगूबाईंच्या).' अंदाजे या शब्दाचं मला वावडं, पण त्या वहीत ते पान अजून तसंच आहे.

आणि वजन वाढत होतं. एकोणपन्नास, बावन्न, पंचावन्न. दवाखान्याच्या कार्डावरचे आकडे रंगूबाई मला वाचायला लावायच्या, त्यांना वाचता येत असूनही. मार्चात मानसिंगराव तीन मजले चढले. एप्रिलात पाण्याचे हंडे भरायला लागले. मी मनात म्हटलं, चला, जिंकलो.

रंगूबाई मात्र काळजीतच होत्या. "अंग भरतंय बाई," त्या एकदा भांडं पुसता पुसता म्हणाल्या, "पर मानूस गप झालाय."

वसाहतीत माथाड्यांचं भजनी मंडळ होतं. दर एकादशीला देवळात भजन, आणि मानसिंगराव त्यातले म्होरके. त्यांचा आवाज चढला की रस्त्यावरचे लोक थांबायचे, असं रंगूबाई सांगायच्या. दुखणं आल्यापासून ते जात नव्हते, ते साहजिकच होतं. पण आता धाप लागत नव्हती तरी जात नव्हते. त्यांच्याबरोबर पोती वाहणारा आणि मंडळात मृदंग वाजवणारा बाबासो प्रत्येक एकादशीला बोलवायला यायचा. हे म्हणायचे, "दम लागतोय." आणि भजन सुरू झालं की देवळासमोरच्या रस्त्यापलीकडे एका दगडावर जाऊन बसायचे. आत नाही, पायरीवर नाही, रस्त्याच्या पलीकडे. शेवटचा अभंग झाला की उठून घरी. टाळ खुंटीवरून हलले नव्हते.

"छातीत आजून ताकद भरली नसंल," रंगूबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं. मग आम्ही दोघींनी चक्का वाढवला, सोयाबीन वाढवलं. मानसिंगरावांना रोज सकाळी एकऐवजी दोन तुकडे मिळायला लागले. ते दोन्ही खायचे आणि आणखी गप व्हायचे.

मे महिन्यात औषधाचे सहा महिने भरले. शेवटच्या तपासणीला इंग्रजी कागद वाचायला म्हणून रंगूबाईंनी मला बरोबर नेलं. एक्स-रे साफ निघाला. वजन साठ. डॉक्टर तरुण होते, खुशीत आले. "गोळ्या आजपासून बंद," ते म्हणाले. "आता कसल्याही खास आहाराची गरज नाही. घरचं जेवा, कामाला लागा. पण मानसिंग, खरं सांगा, शेवटी अंडी खाल्लीतच ना?"

मानसिंगरावांनी खाली पाहिलं. "खाल्ली साहेब. रोज. केकातनं."

मला आधी वाटलं ते चेष्टा करतायत. मग मी रंगूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी कार्ड उचललं आणि त्या ताडताड बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग. फाटकाशी कट्टा होता तिथे त्या थांबल्या, आणि इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"कुनी सांगितलं तुमाला केकात अंडं हाय म्हनून?"

"सिस्टर तुला सांगत हुती तवा मी दाराच्या आडच्या बाकड्यावर बसलो हुतो," मानसिंगराव म्हणाले. "ऐकलं मी. तेच्यानंतर तू केक शिकाया गेलीस. मग घरात केक आला."

"एक अंडं न्हाई त्यात! एक दिस न्हाई! बाईस्नी इचारा!"

मी मान हलवली. "एकही नाही," मी म्हटलं. मानसिंगराव माझ्याकडे, मग बायकोकडे बघत राहिले. मग ते कट्ट्यावर बसले.

"फोटूला माळ उतरीवली हुती," ते हळूहळू बोलायला लागले. "दुसऱ्या दिवशी घालनारच हुतो. तवर तू केक शिकाया लागलीस, आज-उद्या ताटलीत येनार म्हनलं. माळ घालून अंडं कसं खाऊ? म्हनून न्हाई घातली, महाराजांचं निमित्त केलं. आन माळंबिगर भजनात कोनच्या तोंडानं बसू?"

"इचारायचं तरी हुतं मला!"

"काय इचारू?" ते म्हणाले. "इचारलं आसतं तर तुला खोटं बोलाया लागलं आसतं."

रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला. रंगूबाईंनी पदराने तोंड पुसलं. रागाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमाला वाटलंच कसं," त्या म्हणाल्या, "मी तुमाला फशिवीन?"

"मला जगवाया तू काय बी केलं आसतंस. त्याचा मला राग नव्हता, रंगू. कवाच नव्हता." ते थांबले. "पर आता माळ कशी घालू? पोटात न्हाई गेलं, पर मनानं तर मी रोज खाल्लंच."

"ते माजं मी बगते देवाकडं," रंगूबाई म्हणाल्या. "उद्या एकादस हाय. तुमी गप माळ घाला."

मी दुसरीकडे बघत उभी होते. तिथे थांबू नये असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. 'घाला की, देव काय अंडी मोजत बसलाय' म्हणणारी मीच होते. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं असतं तर वजन साठच भरलं असतं, कदाचित एखादा किलो जास्तच. पण या बाईला आज एवढं हक्काने रागावता आलं नसतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मानसिंगरावांनी रंगूबाईंच्या पिशवीकडे हात केला. "आजचा आनलायस का?"

रंगूबाईंनी तोंड फिरवलं. मानसिंगरावांनीच पिशवीतून डबा काढला, उघडला, एक तुकडा मोडला. पाणी मागितलं नाही. तोंडात ठेवून सावकाश चावायला लागले. चावता चावता थांबले.

"जवस हाय ह्यात?"

रंगूबाईंनी मान हलवली.

"आन शेंगा. खरपूस भाजल्यात." त्यांनी दुसरा तुकडा घेतला, हातात फिरवून पाहिला, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. "वेलदोडा हाय. आमची आय जवसाची पोळी करायची, आसाच वास यायचा." तिसरा तुकडा त्यांनी नुसताच हातात धरला. "रंगू, रोज आसाच करत हुतीस?"

"रोज."

"लई गोड झालाय गं."

रंगूबाई मटकन कट्ट्यावर बसल्या. जे ऐकायला त्यांनी चार महिने जायफळ-वेलची एक केली होती ते आता मिळालं, आणि त्यांना ते घेता येईना. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. मानसिंगरावांनी डबा रिकामा केला, तळाचा भुगाही बोटाने टिपून खाल्ला.

"डाक्टर म्हनलं, आता काय गरज न्हाई," ते म्हणाले. "पर उद्या करशील?"

रंगूबाईंनी नाक ओढलं, डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, झाकण लावलं.

"जवस संपलंय," त्या म्हणाल्या. "जाताना घेऊ."